सामाईक आवाज

जाफराबाद
४ ऑगस्ट २०२५

चि. नेहल,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली असशील. फोन असताना बाईंनी टपालाचा खटाटोप कशाला केला, असंही मनात आलं असेल. कारण साधं आहे. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि फोनवर भांडण रंगात आलं की तू "बाई, एक मिनिट हं" म्हणून दुसराच फोन घेतेस. शिवाय उन्हाळ्यापासून माझा घसा बसलाय, धड ओरडताही येत नाही. म्हणून कागद घेतला.

काल भुजंग आला होता. तुझ्याच वर्गातला, मागच्या बाकावर बसायचा. श्रुतलेखन घेताना मी पुढच्या ओळीवर गेले तरी हा मागचीच लिहीत असायचा. आता वाडीवर शेती करतो. ओट्यावर टेकला, पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही, आणि म्हणाला, "बाई, तुमी सांगितलं तसंच केलं मी. एकरी दोन बाटल्या मारल्या. सोयाबीन समदं करपून गेलं."

मी म्हटलं, अरे, मी कधी सांगितलं? मला तणनाशकातलं काय कळतं? त्यानं खिशातून फोन काढला. त्यावर हिरव्या पानाचं चित्र आणि कुठल्याशा कंपनीचं नाव. त्यानं बोट लावलं आणि माझ्या ओट्यावर मीच बोलायला लागले. "कमरबाई बोलतेय. नीट ऐका." मग कुणा पुरुषाच्या आवाजात औषधाचं नाव. पुढे परत मी. "एकरी. दोन. बाटल्या. वापरा."

नेहल, मी हे वाक्य आयुष्यात कधी बोललेली नाही.

वर भुजंग काय म्हणाला, ते ऐक. "बाटलीसंगच्या कागदावर एकच लिव्हलेली व्हती, वाचलं की मी. पण मंग म्हटलं, बाई सांगून राह्यल्या तर बाईच बराबर असतील." छापलेलं खोटं आणि बाई खऱ्या! एवढी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, त्याचं हे फळ मिळालं. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

जानेवारीत तू आलीस. आतल्या खोलीत गोधड्या टांगल्यास, माझ्यापुढे ते छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवलंस आणि मी शब्द बोलत बसले. कापूस, सोयाबीन, मका. आज, उद्या. वारा जास्त आहे. फवारणी करू नका. एकरी, बाटल्या, वापरा. वर सगळे आकडे. तू म्हणालीस, बाई, इथल्या शेतकरी गटासाठी हवामानाचं ॲप करतेय, लोकांना वाचायचा कंटाळा असतो आणि तुमचा आवाज पंचक्रोशीत सगळे ओळखतात. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. निवृत्त झाल्यावर कुणी माझा आवाज मागायला येईल असं वाटलं नव्हतं.

तो आवाज मी गटाला दिला होता. मग या हिरव्या पानाच्या पोटात तो कसा गेला? मला नीट समजेल असं लिही. घाई करू नकोस.

तुझी
कमरुन्निसाबाई

*

जालना
९ ऑगस्ट २०२५

बाई,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि तसंच मिटून घरी घेऊन गेले. मशीन सुरू असताना ते वाचणं मला जमेना.

तुम्ही कसं झालं ते विचारलंय, म्हणून आधी तेच सांगते. आमच्या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला आपलं स्वतंत्र ॲप हवं असतं, आपल्या नावाचं, आपल्या रंगाचं. पण आतलं काम सगळ्यांचं सारखंच असतं. हवामान, पिकं, फवारणीची वेळ. ते प्रत्येकासाठी वेगळं लिहिलं तर एकाची चूक सुधारताना दुसऱ्याची राहून जाते. म्हणून आम्ही मूळ एकदाच लिहितो. आमची आई कणीक एकदाच मळते आणि त्यातूनच पोळी, पुरी, पराठा ज्याला जे हवं ते करून देते, तसं. यंत्राला सांगायचं, आता शेतकरी गटाचं बनव. आता हिरव्या पानाचं बनव. ते मूळ तेच घेतं, नाव-रंग-चित्र बदलतं आणि वेगळं ॲप हातात देतं. अशी आमची पाच ॲप आहेत. एक गटाचं आणि चार बियाण्या-औषधांच्या कंपन्यांची.

त्या मुळात एक फोल्डर आहे. जे पाचांनाही लागतं ते सगळं त्यात. त्याचं नाव मीच 'सामाईक' ठेवलं. हवामानाचं गणित त्यात आहे, पिकांची चित्रं त्यात आहेत, आणि तुमचा आवाजही मी त्यातच ठेवला, शब्दाशब्दाचे तुकडे करून. ज्या ॲपला जे तुकडे लागतात तेवढेच यंत्र उचलतं आणि जोडून वाक्य करतं. डोस किती, हा आकडा कंपनी स्वतः भरते. त्या कंपनीनं एकाच्या जागी दोन भरला. यंत्रानं तुमच्या आवाजातला 'दोन' घेतला.

लिहितानाच लाज वाटतेय, पण आमच्या बाजूनं काही बिघाड झाला नव्हता. सगळं व्हायला हवं तसंच झालं. तुम्हाला विचारायला हवं होतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. तुमचा आवाज त्या फोल्डरमध्ये होता, आणि त्या फोल्डरमधलं सगळ्यांचं असतं, एवढंच डोक्यात होतं.

मी फोन केला होता. चाचांनी उचलला. आधी म्हणाले, "बाई नमाज पढून राह्यल्या," मग संध्याकाळी म्हणाले, "झोपल्या." तुम्ही संध्याकाळी झोपत नाही हे मला माहीत आहे. रागावलात, बोलायचं नाही, कबूल. पण काय करू ते तरी सांगा. तुम्ही म्हणाल ते करते.

तुमची
नेहल

*

जाफराबाद
१६ ऑगस्ट २०२५

चि. नेहल,

कणकेचं कळलं. तू शिकवायला गेली असतीस तर बरी शिकवली असतीस.

आता माझं ऐक. माझ्या माहेरी चार घरांत मिळून एक विहीर होती. सातबाऱ्यावर तसंच लिहिलेलं, सामाईक विहीर. तिथं मोटर चालू करायच्या आधी शेजारच्या बांधाकडे तोंड करून हाक मारायची, "लावू का हो?" समोरून "लावा" आलं की बटण दाबायचं. पाणी चौघांचं होतं म्हणूनच विचारायचं. एकाचं असतं तर कुणाला विचारायचं कारण काय? तू 'सामाईक' हा शब्द घेतलास आणि हाक मारायची विसरलीस.

आणि विसरलीस, हे मला पटत नाही. ज्या मुलीनं चौथीत माझ्या फळ्यावरची तारीख चुकली म्हणून भर वर्गात उठून सांगितलं, तिच्या लक्षात एवढी गोष्ट आली नाही? जाऊ दे. खरं काय ते तुझं तुला माहीत.

परवा जीपमध्ये बसून भुजंगच्या रानात जाऊन आले. आमचे हे, तुझे चाचा, नको म्हणत होते. पानं कडेकडेनं जळाल्यासारखी, हात लावला की चुरा. भुजंगची बायको म्हणाली, "बाई, उन्हात कशाला आल्या?" आणि माझ्यासाठी चहा टाकला. मला तो घोट गिळवला नाही. परत येताना तातेराव दूधवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "बाई, कंपनीनं ठेवलं का तुमाला? बरं झालं की, पेन्शनीवर आजून तेवढंच." तो चांगल्या मनानं बोलला. मी मान हलवली आणि घरी येऊन रडले.

लोक मला नमस्कार करतात तो मी पैसे घेऊन बोलत नाही म्हणून. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच कधी.

तेव्हा माझा आवाज काढून टाक. हिरव्या पानातून, बाकीच्या तिघांतून, गटाच्या ॲपमधूनही. माझा एक शब्दसुद्धा कुठल्या यंत्रात उरता कामा नये. उद्या आणखी कुणी जोडेल आणि माझ्या तोंडी काय घालेल, सांगता येत नाही. आणि आता मला काही विचारत बसू नकोस. कर, झालं की कळव.

पुढचे काही आठवडे मी औरंगाबादला बहिणीकडे असेन. इकडे येऊ नकोस, फेरी फुकट जाईल.

कमरबाई

*

जालना
३० ऑगस्ट २०२५

बाई,

झालं.

पण त्याआधी एक सांगायचंय. 'लक्षात आलं नाही' असं मी लिहिलं ते खोटं होतं. तुम्ही ओळखलंतच. रजतदादा, माझा चुलतभाऊ, कंपन्यांशी बोलणी तोच करतो. हिरव्या पानाच्या साहेबांना त्यानं गटाचं ॲप दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "हीच बाई पाहिजे. जाफराबाद-भोकरदनकडं हिचंच ऐकून राह्यले लोक." दादानं मला विचारलं, "बाईंना कळवायचं का?" मी म्हटलं, कशाला, तो सामाईकमध्येच आहे. मला ठाऊक होतं की तुम्हाला विचारलं तर तुम्ही नाही म्हणाल. म्हणून विचारलं नाही. बाई, मी तुमची माफी मागते. मागच्या पत्रात मागितली नव्हती, हे पत्र टाकल्यावर लक्षात आलं.

आता काय केलं ते सांगते. तुमचे सगळे तुकडे सामाईक फोल्डरमधून काढले आणि पाचही ॲप नव्यानं बनवून पाठवली. जुनं उघडणारच नाही अशी सोय केली, त्यामुळे नवीन घेतल्याशिवाय कुणाचं काम चालत नाही आणि नवीन आलं की जुनं आपोआप जातं. आता तिथं यंत्रानं बनवलेला बाईचा आवाज आहे, कुणाचाच नसलेला. आमच्याकडे जुन्या बदलांचा इतिहास साठवलेला असतो, पुसलेली गोष्टही त्यातून परत काढता येते. मी त्या इतिहासातूनही तुम्हाला काढलं. त्याला दोन दिवस लागले, दादा ओरडत होता. आधी बनवून ठेवलेली जुनी ॲप पुसली. जानेवारीतल्या मूळ रेकॉर्डिंगचं कार्डही पुसून वर दुसरं भरलं. आता माझ्या मनात आलं तरी मला तुमचा एक शब्द परत आणता येणार नाही. निदान हे काम तरी अर्धवट केलं नाही, एवढं समाधान आहे.

कंपनीला चूक लेखी मान्य करायला लावली आणि ते पत्र घेऊन भुजंगकडे गेले. त्यानं ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाला, "बाईंना सांगा, त्यांचा राग न्हाई आमाला." मी निघताना म्हणाला, "पर सकाळी ते दुसरंच कुणीतरी बोलून राह्यलं आता. त्याचं मी न्हाई ऐकत."

औरंगाबादहून परतलात की दोन ओळी लिहा. रागाच्या असल्या तरी चालतील.

तुमची
नेहल

*

जाफराबाद
१९ ऑक्टोबर २०२५

बेटा नेहल,

मी कमरोद्दीन, तुझा चाचा. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही उर्दूत. मराठी मी सायकलच्या दुकानात बसून शिकलो, गिऱ्हाइकाकडून. तवा चूकभूल माफ कर. हे पत्र बाईंच्या चोरून लिहून राह्यलो. त्या आत झोपल्यात.

तू फोन केल्ता तवा मी तुला खोटं बोललो. त्यांना नमाज बी न्हवती आन झोप बी न्हवती. त्यांचा आवाजच निघत न्हवता. उन्हाळ्यात घसा बसला, आमाला वाटलं ठसका आसंल. मंग औरंगाबादला दाखवलं तर गळ्यात गाठ निघाली. बाईंनी मला कसम घातली, कुणाला सांगायचं न्हाई, नेहलला तर बिलकुल न्हाई, तिला वाटंल मी दया मागून राह्यले. बहिणीकडं जातो म्हणून लिव्हलं त्यांनी, पण आमी दवाखान्यात गेल्तो. आधी डॉक्टर म्हणले आवाज थोडा घोगरा होईल. मंग तोंड पाडून म्हणले, गळ्यातली आवाजाची पेटी पुरी काढावी लागंल. सप्टेंबरात ऑपरेशन झालं. जीव वाचला, अल्लाची मेहेरबानी. आता श्वास गळ्याच्या भोकातून घेतात आन काय सांगायचं ते पाटीवर लिव्हतात. बोलणं न्हाई. आता कधीच न्हाई.

बेटा, माझं एक काम हाय, म्हणून जल्दी लिव्हलं. तुझं ते गटाचं ॲप माझ्या फोनमधी व्हतं. मला शेती न्हाई, काही न्हाई, तरी रोज फजरच्या नमाजनंतर ओट्यावर बसून लावायचो. "कमरबाई बोलतेय. नीट ऐका. आज वारा जास्त आहे." बाई आतून हसायच्या, म्हणायच्या, घरात बोलते ते ऐकत न्हाई आन फोनमधलं ऐकतो. खरं व्हतं ते. त्या बोलायच्या तवा मी चाकाचा आउट काढत, वाकडं चाक सरळ करत बसायचो, हूं हूं करायचो.

दवाखान्यात मी फोन उघडलाच न्हाई. घरी आल्यावर पहिल्या सकाळी ते लावलं तर दुसरीच बाई बोलून राह्यली. मला वाटलं फोन बिघडला. मोबाईलच्या दुकानात नेला तर तो म्हणला, चाचा, नवीन आलंय, जुनं गेलं, कंपनीलाच विचारा.

घरात तिचा आवाज दुसरा कुठंच न्हाई. आमच्या निकाहाला कॅसेट काढायची ऐपत न्हवती. लेकरं झाली न्हाईत, का कुणी मोबाईलवर काढावं. तिला सोताला फोनवर बोलून पाठवायचं आवडत न्हवतं, टाईप करायची. मी इचार केला, जाऊ दे, नेहलकडं हाय ना, ती यंत्रातली पोरगी हाय, तिच्याकडं काहीच हरवत न्हाई.

तर माझ्या फोनमधी जुनं तेवढं परत टाकून दे. दुसऱ्या कुणाच्या फोनमधी नको, बाई रागवतील. फक्त माझ्यात. जालन्याला यावं लागलं तर येतो, पहिल्या एसटीनं निघतो.

तुझा चाचा
कमरोद्दीन

*

जालना
१ नोव्हेंबर २०२५

चाचा,

तुमचं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तर द्यायला एवढा वेळ लागला कारण मी शोधत होते. शोधून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

माझ्याकडे बाईंचा आवाज नाही, चाचा. बाईंनी लिहिलं होतं एक शब्दसुद्धा उरू देऊ नको, आणि मी खरोखर उरू दिला नाही. मी माझी चूक इतकी स्वच्छ पुसायला निघाले होते की पुसताना काय पुसतेय ते पाहिलं नाही. सामाईक फोल्डरमधून एकदा काढलं की पाचही ठिकाणांहून जातं. तेच सोपं होतं. फक्त गटाच्या ॲपमध्ये ठेवायचं म्हटलं असतं तर मला यंत्राला एक ओळ जास्त लिहून द्यावी लागली असती. चाचा, एकच ओळ. ती लिहायचा प्रश्नही माझ्या मनात आला नाही, कारण बाईंनी विचारू नको म्हटलं होतं आणि मला ते फार सोयीचं वाटलं.

मी ऑफिसातली सगळी मशीन उघडली. पुसलेलं परत काढणाऱ्या माणसाकडे कार्ड घेऊन गेले, त्यानं दोन दिवस ठेवून परत दिलं. गटातल्या घरोघरी फोन पाहिले. सगळीकडे नवीन आलेलं. माझंच काम, आणि माझ्याच कामात कुठे फट सापडत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, मी जरा वाईट इंजिनिअर असते तर बरं झालं असतं.

मग रजतदादा म्हणाला की हिरव्या पानाच्या कंपनीनं काही दुकानदारांना सुरुवातीला गिऱ्हाइकांना दाखवायला फोन दिले होते, सिमकार्ड नसलेले. मी एकेका दुकानात गेले. बाकीच्यांनी ते केव्हाच परत दिले होते. शहागडला हायवेवर एक खतांचं दुकान आहे, रामकिसन नावाच्या माणसाचं. तिथं गल्ल्याशेजारी फोन ठेवलेला होता, चार्जिंगला लावून. त्याला कधी नेटच मिळालं नाही, म्हणून नवीन काही आलं नाही, म्हणून जुनं बंदही पडलं नाही. बाहेर ट्रकवाल्यांचे हॉर्न चालले होते आणि मी बोट लावलं.

बाई बोलल्या. मी दुकानात उभ्या उभ्या रडले. रामकिसनकाकांनी स्टूल दिलं, त्यांना वाटलं, भोवळ आली.

आता पुढचं ऐका, कारण खरा प्रश्न तिथंच आहे. प्रत्येक ॲप आपल्याला लागतील तेवढेच शब्द घेऊन बनतं. हिरव्या पानाला वारा नको होता, आज-उद्या नको होतं, 'फवारणी करू नका' तर मुळीच नको होतं. त्यामुळे त्या फोनमध्ये बाईंचं फक्त ते एकच वाक्य आहे. "कमरबाई बोलतेय. नीट ऐका." आणि मग "एकरी. दोन. बाटल्या. वापरा." औषधाचं नाव मी कापून काढू शकते. बाकी इतकंच उरतं. भुजंगचं रान ज्या वाक्यानं गेलं तेच वाक्य.

मी काकांना सांगून तो फोन बंद केला, माझ्याकडे आणला. आवाज त्यातून काढून घेता येईल, तुमच्या फोनमध्ये टाकता येईल. पण मी अजून हात लावलेला नाही. माझ्या मनानं मी दोनदा बाईंच्या आवाजाचं काय करायचं ते ठरवलं, एकदा वाटून आणि एकदा पुसून. आता नाही ठरवणार. तुम्ही मला चोरून लिहिलंत हे मी कुणाला सांगणार नाही, पण चाचा, हे पत्र तुम्हीच बाईंना दाखवा. ठेवायचं की पुसायचं, त्यांना विचारा. मी थांबते.

तुमची
नेहल

*

जाफराबाद
९ नोव्हेंबर २०२५

चि. नेहल,

तुझं पत्र तुझ्या चाचांनी माझ्यासमोर ठेवलं आणि गुन्हेगारासारखे उभे राहिले. मी आधी त्यांचं पत्र मागितलं, तुला काय लिहिलं ते पाहायला. त्याची नक्कल कुठली असणार! मग पाठ सांगायला लावलं. त्यांनी अडखळत सगळं सांगितलं, चाकाचा आउट काढत बसायचो तेही. एवढी वर्षं एका घरात काढली आणि हे मला आता कळतंय की ते ओट्यावर हवामान ऐकत नव्हते. मी आतून थट्टा करत होते.

आजाराचं तुला कळवलं नाही, हे चुकलं. मला वाटलं, तुला कळलं की तू घाबरशील आणि घाबरून माफी मागशील. मला तुझी माफी धडधाकट बाईंसाठी हवी होती. किती तोरा बघ.

मी पाटीवर लिहिलं, मागवून घ्या. खरंच लिहिलं. त्यांनी पाटी वाचून खाली ठेवली. मग म्हणाले (आम्ही घरात उर्दूत बोलतो, तुला मराठीत सांगते), "आवाज तुझा आहे, बोलणं तुझं नाही. ज्या वाक्यानं त्या पोराचं पीक गेलं, ते मी रोज सकाळी लावून बसू? आणि कौतुकानं ऐकू? मला नको." मी लिहिलं, निदान पहिले चार शब्द तरी. ते म्हणाले, "त्यांच्यापुढं काय येतं ते मला माहीत आहे ना."

आणि उठून बाहेर गेले. अंगणात दुकानातली जुनी सायकल उलटी करून ठेवली होती, तिचं चाक नुसतं फिरवत बसले. मला राहवेना. हाक मारावी म्हणून मी दारात आले, तोंड उघडलं, आणि तशीच उभी राहिले. आता हाक मारायला मला जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागतो. ते माझ्याकडे पाठ करून बसलेले होते. मी गेले, हात लावला. त्यांनी वळून पाहिलं नाही, हातावर हात ठेवला.

तेव्हा पुसून टाक, नेहल. शहागडच्या हायवेवर कोण कोण त्या दुकानात थांबत असेल आणि मी त्याला काय सांगत असेन, या विचारानं मला झोप लागत नाही. तो फोनही कंपनीला परत करू नकोस, आधी पुस. आमच्या दोघांचं उत्तर एकच आहे.

या वेळी तू विचारलंस. त्यामुळे 'पुस' हा शब्द मला स्वतःच्या हातानं लिहावा लागला आणि तो लिहायला मला दोन दिवस लागले. बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. मला काही विचारू नकोस, असं ऑगस्टमध्ये मीच लिहिलं होतं, त्याचा दोष तुला देत नाही. पण मी वर्गात "आता शंका नकोत" म्हणायचे, तेव्हा तू तेवढ्यात हात वर करणारी मुलगी होतीस. मी रागात होते. रागातल्या माणसाला तर विचारायलाच हवं. पुसायच्या आधी एकदा, पोस्टकार्डावर एका ओळीत का होईना, "बाई, सगळंच का?" असं विचारलं असतंस, तर मी जरा थांबले असते. चाचांकडे पाहिलं असतं. आणि तुला लिहिलं असतं, त्यांच्या फोनमधलं तेवढं राहू दे.

तुझी
कमरबाई